नवा प्रोसेसर, जुनी ओळ

पडद्यावर एक ओळ उमटली आणि सगळं पुन्हा गपगार झालं. उर्मिलानं कपाळावर हात मारला. मागे चहाचा कप घेऊन उभ्या श्रीकांतला मनातल्या मनात बरं वाटलं. बायकोचं अडलेलं पाहून सुखावणारा नवरा!

दुसऱ्या सिस्टीमच्या पोटात पाहुण्यासारखी चालणारी ही इवलीशी ऑपरेटिंग सिस्टीम दोघांनी लग्नाआधी, कॉलेजात असताना मिळून लिहिली होती. कोणता तुकडा कोणाचा, हे तेव्हा कोणी पाहिलं नव्हतं. पण नागपूरच्या कंपनीनं नोकरी दिली ती एकट्या उर्मिलाला. आता ती पांढुर्ण्यात घरी बसून तीच सिस्टीम नव्या जातीच्या प्रोसेसरवर नेत होती, आणि श्रीकांत रोज बसनं सौंसरला जाऊन पोरांना कॉम्प्युटर शिकवत होता. गल्लीत लोक त्याला ‘उर्मिला मॅडमचे मिस्टर’ म्हणू लागले होते. त्याचा नुसता जळफळाट होई.

चूक त्याला कालच सापडली होती. ती स्वयंपाकघरात असताना त्यानं कोड चाळला होता. आधी निरोप मेमरीत ठेवायचा, मग ‘निरोप आला’ असं सांगणारं निशाण वर करायचं. जुना प्रोसेसर हा क्रम आपणहून पाळायचा, नवा पाळत नाही. मधे ‘थांब’ सांगणारी सूचना हवी होती, ती नव्हती. हा हिचाच धांदरटपणा, असं त्यानं धरून टाकलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. त्याला ते कंपनीच्या साहेबांच्या कानावर पडेल असं सांगायचं होतं.

आज साहेब कॉलवर होते. "मॅडम, आज नाही चाललं, तर हे काम तुमच्याकडून काढावं लागेल."

श्रीकांत पुढे वाकला. "हे ओळ पाह्य. निशाण आधीच वर होऊन राहिलं, निरोप मागून येते. मधात थांबा पाहिजे. लिवणाऱ्याले एवढंबी समजू नये?"

उर्मिलानं ती सूचना घातली. पडद्यावर ओळींमागून ओळी धावत सुटल्या. सिस्टीम चालू झाली.

"छान," साहेब म्हणाले. "पण ही चूक केली कोणी?"

श्रीकांत हसू दाबत तिच्याकडे पाहत राहिला.

"मीच, सर," उर्मिला म्हणाली. मग माईक बंद करून ती त्याच्याकडे वळली.

"हे फाईल मी तपासलीच नव्हती. तुम्ही लिवली होती न, म्हणून."