काठावरची पहिली बाई

पेपरातल्या फोटोत वच्छलाबाई होत्या, पण अर्ध्याच. एक खांदा, पदराची कड आणि एक कान. मधोमध वनमाला उभी होती, हात वर केलेला. तिच्या पाठीमागं जेसीबी.

"कान तुझाच हाय," आश्रुबा चष्मा सावरत म्हणाले. "कुडकं वळखू येतंय."

वच्छलाबाईंनी नवऱ्याच्या हातातून पेपर ओढला आणि दुरडीखाली सरकवून टाकला.

धरणाचं पाणी मागं सरलं की गावाच्या अंगाला काळी, ओली जमीन उघडी पडायची. गाळपेर म्हणतात तिला. गावातल्या बायका तिथं काकडी, टरबूज, हरभरा लावायच्या. काठावर ना भिंत होती ना तार. यंदा शहरातल्या एका बिल्डरनं वरचं माळरान घेतलं. बावन्न बंगले बांधायचे आणि पाण्यापर्यंत कंपाउंड घालायचं, असा नकाशा निघाला. म्हणजे पाण्याची वाटच बंद.

मशीन आलं त्या दिवशी वच्छलाबाई एकट्याच खुरपत होत्या. त्या उठल्या, मशीनपुढं गेल्या आणि खुरपं मांडीवर ठेवून खाली बसल्या. ड्रायव्हर शिव्या देऊन दमला, तरी त्या हलल्या नाहीत. तासाभरानं बाकीच्या बायका धावत आल्या.

वनमाला आली ती चौथ्या दिवशी. गावातल्याच तानाजीची बायको, अंबाजोगाईला कॉलेज केलेली. आली तीच फाईल घेऊन. तिनं बायकांची यादी केली, फोन नंबर लिहून घेतले.

"बिल्डरच्या माणसाशी बोलायचं मी बघते," ती म्हणाली. "तुमी साध्या बाया, गोड बोलून फसवतील तुमाला."

सगळ्यांना पटलं. तहसीलला गेल्यावर वच्छलाबाई बोलायला पुढं झाल्या, तेव्हा वनमालानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मावशी, तुमी बसा. दमला असाल."

त्या बसल्या, आणि तेव्हापासून तो हात त्यांच्या खांद्यावरून निघालाच नाही. भाकरी थापताना, पाणी शेंदताना तो तिथंच असायचा. वनमालाचं बोलणं चांगलं, वनमालाचं अक्षर चांगलं, वनमाला होती म्हणून निभावलं. गाव हेच बोलायचं. मशीनपुढं पहिलं कोण बसलं, हे दोन महिन्यांत कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

ग्रामसभा मारुतीच्या मंडपात भरली. सरपंच रामहरी बंगल्यांविरुद्धचा ठराव वाचायला उठले, तशी वनमाला उभी राहिली.

"घाई नको, सरपंच. कागद पक्के होऊ द्या. अजून आठ दिवस थांबू."

बायकांनी माना डोलावल्या. आता तारीखसुद्धा हीच ठरवणार! उठायचं वच्छलाबाईंनी ठरवलं नव्हतं, पण त्या उठल्या.

"हिला कावून घाई न्हाई, ते इचारा तिलाच. हिनं प्लॉट घेतलाय त्या बंगल्यांत. कोपऱ्यातला."

आपण हे कुठून आणलं, ते वच्छलाबाईंनाही कळेना. कोपऱ्यातला हा शब्द तर तोंडातून आपोआप निसटला होता.

"वच्छलाबाई, पुरावा हाय का काही?" रामहरींनी विचारलं.

"पुरावा कशाला? ती हाय की समोर."

वनमालाचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. फाईल छातीशी धरून ती मंडपातून निघून गेली. वच्छलाबाईंना वाटलं, ही ओरडेल, रडेल, निदान शिवी तरी देईल. काहीच नाही. एवढी मानी बाई, खोट्या आळाला उत्तर द्यायलासुद्धा थांबली नाही.

ठराव त्याच दिवशी, हात वर करून मंजूर झाला. बंगल्यांना गावाची परवानगी नाही. पहिली सही वच्छलाबाईंची. दोन दिवसांनी पेपरात त्यांचा अख्खा फोटो आला.

तो त्यांनी एकदाच पाहिला.

वनमालाचं दार बंद असायचं. कुणीतरी तिच्या दारावर शेण फेकलं. तानाजी दिंद्रुडच्या बाजाराला निघाला तर पारावरची माणसं तोंड फिरवायची. पाणवठ्यावर बायका वच्छलाबाईंना आधी भरू द्यायच्या. त्या खाली मान घालून भरायच्या.

"तुला कुणी सांगितलं गं प्लॉटाचं?" एका दुपारी आश्रुबांनी विचारलं.

त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"कुणी न्हाई."

आश्रुबांनी टोपी घातली आणि ते बाहेर निघून गेले. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. असे उठून ते कधी गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई वनमालाच्या दारात उभ्या राहिल्या. आधी तिच्यापुढं, मग सगळ्या गावापुढं कबूल करायचं, असं ठरवून आल्या होत्या. पाय धरावे लागले तर धरायचे. वयाचा मान गेला तर गेला.

वनमालानं दार उघडलं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. घरात ती एकटीच होती.

"वनमाला, मी सभेत जे बोलले, ते..." वच्छलाबाईंनी हात जोडले.

वनमालानं त्यांना ओढूनच आत घेतलं, घाईघाईनं कडी लावली आणि जोडलेले हात दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"कोपऱ्यातला न्हाई, मावशी, पाण्याकडचा हाय," ती कुजबुजली. "ह्यांना बी ठाऊक न्हाई अजून. तुमाला कुणी सांगितलं?"