बाबांना न विचारता

कम्युनिटी कॉलेजची दोन्ही वर्षं आश्लेषाचं बाबांशी एकाच गोष्टीवरून वाजत होतं. "कॉम्प्युटर सायन्सच घ्यायचं. बाकी सगळं हॉबी म्हणून कर!" बाबांचा आवाज चढला की आई धावत जाऊन खिडक्या लावायची. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्या चिडीचूप गल्लीत शेजाऱ्यांना काय वाटेल, ही तिची धास्ती.

ट्रान्सफर होऊन स्टेट युनिव्हर्सिटीत आलेल्यांना मेजर, म्हणजे मुख्य विषय, लगेच डिक्लेअर करावा लागतो. आश्लेषाने तो आज कुणालाही न विचारता करून टाकला आणि घरी येऊन तडक बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, कॉम्प्युटर सायन्स नाही घेतलं मी. स्पीच थेरपी घेतलं."

बाबांनी डोळे वटारले. कपाळावरची शीर फुगली, ओठ थरथरले. आश्लेषा श्वास रोखून बघत राहिली.

"ओरड ना, बाबा," शेवटी तीच म्हणाली. "प्लीज, ओरड."

आई दारातच उभी होती. खिडक्या लावायला ती धावली नाही.

उन्हाळ्यात स्ट्रोक आला आणि बाबांची वाचा गेली, तेव्हापासून त्या लावायची वेळच आली नव्हती.