केशरची किंमत

कुकर लावायचा नाही, असं शिवमनं सकाळीच सांगितलं होतं. म्हणून निशिगंधा भात पातेल्यात शिजवत होती, आणि झाकण कडेला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी उचलत होती.

विमलबाईंना खोकला आला. त्यांनी पदर तोंडात कोंबला.

"आई," शिवम मागच्या खोलीतून कुजबुजला.

"खोकू बी नको काय बे आता? पालीचं राज्य आलं घरात."

"आजचा दिवस, आई. फक्त आजचा."

मागच्या खोलीत फळ्यांवर प्लॅस्टिकचे डबे होते आणि डब्यांत गेको. परदेशी पाली. पिवळ्या अंगावर बिबट्यासारखे ठिपके. केशर मात्र बिनठिपक्यांची, पिकल्या संत्र्याच्या रंगाची. तिची जाड शेपटी हीच तिची किंमत. घाबरली की असली पाल शेपटी टाकून देते. नवी येते, पण आखूड, बेढब, मातकट. मग पस्तीस हजारांचं जनावर कुणी पाच हजारांनाही विचारत नाही.

पस्तीस हजार गेकोंचे मोठे व्यापारी दीपकसर देणार होते. आज. येऊन, बघून, रोख.

म्हणून मिक्सर बंद. फाटकाची कडी चिंधीनं बांधलेली. निशिगंधानं काचेच्या बांगड्या उतरवून ठेवल्या होत्या. पाटल्या निघेनात, म्हणून त्यांच्याभोवती रुमाल गुंडाळले होते.

आणि नेमका आज मोताळ्याचा आठवडी बाजार. कांदेवाल्याचा भोंगा भिंतीतून आत आला की शिवम खोलीच्या दाराला पाठ लावून उभा राही. आवाज पाठीवर झेलता येतो, अशा थाटात.

दोन वर्षं हा धंदा चालला होता.

पिल्लं पुष्कळ झाली होती. बुलढाण्याच्या शोभेच्या माशांच्या दुकानानं चार घेतली, खामगावच्यानं दोन. नंतर दोघंही फोन उचलेनात. नर तर फुकट कुणी नेत नव्हतं. दोन नर एका डब्यात ठेवावेत, तर एकमेकांना फाडायचे. हिवाळाभर उबेच्या पट्ट्यांचं वीजबिल, बारा महिने किड्यांचा खर्च.

"घरच्या पाली झाडूनं हाणतो, न इकतच्या पालीले गादी टाकतो," विमलबाई शेजारणीला सांगायच्या.

शिवमचं म्हणणं वेगळं होतं. जनावरं कमी आणि साधी आहेत, म्हणून धंदा बसत नाही. दीपकसरांकडूनच दहा भारी जोड्या घ्यायच्या, की वर्षात सगळं निघून येतं. त्यासाठी निशिगंधाच्या माहेरच्या पाटल्या मोडायच्या.

तेव्हा विमलबाई मध्ये पडल्या होत्या. "पहिले एक तरी पाल भारी भावानं इकून दाखव. मंग सुनीच्या पाटल्यायले हात लावजो."

शिवमनं शब्द दिला. निशिगंधानंही दिला, तशी विकली तर पाटल्या काढून देईन म्हणून.

"तू काऊन थरथरून राह्यली?" शिवमनं आता विचारलं.

"भेव वाटते."

"मले बी वाटते," तो म्हणाला, आणि तिच्या हातातलं झाकण त्यानंच हळूच खाली ठेवलं.

गाडी आली ती आवाज न करता. दीपकसर किरकोळ बांध्याचे, हळू बोलणारे. बूट त्यांनी फाटकाबाहेरच काढले.

"चहा नको, वहिनी. कपबशी वाजते."

विमलबाईंनासुद्धा हसू आलं.

शिवमनं डबा आणून टेबलावर ठेवला. झाकण काढलं. केशर ओल्या फडक्यावर बसली होती, जिभेनं स्वतःचाच डोळा पुसत. दीपकसर वाकले. विमलबाई भिंतीला टेकल्या. निशिगंधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कणीक मळून झालेली रिकामी परात घेऊन. भोंगासुद्धा थांबला होता.

"शेपटी बघा सर," शिवम पुटपुटला. "एवढी भरलेली शेपटी तुमाले अख्ख्या जिल्ह्यात—"

परात.

फरशीवर. मग चौकटीवर. मग गरगरत, गरगरत, कितीतरी वेळ.

डब्यात शेपटी एकटीच तडफडत होती. केशर कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, अर्धी झाल्यासारखी.

शिवमनं शेपटीकडे पाहिलं. मग बायकोकडे.

"निसटली," निशिगंधा म्हणाली.

विमलबाईंनी पाहिलं होतं. परात निसटली नव्हती. सुनेनं ती खांद्यापर्यंत उचलली होती, आणि मग दोन्ही हात एकदम उघडले होते. पस्तीस हजारांना पाल कोण घेणार, या भरवशावरच तिनं शब्द दिला होता. घेणारा आज घरात उभा होता.

विमलबाई घसा मोकळा करून मोठ्यानं खोकल्या.

"सर," शिवमचा आवाज फाटला. "आता काय देसान ते द्या. पाच द्या. चार द्या."

दीपकसरांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "मोजा."

शिवमनं मोजले. पुन्हा मोजले.

"सर, हे तर पुरे पस्तीस आहेत."

"ठरलेत तेवढे. शेपटीचं काय, येते परत." त्यांनी डब्यात पाहिलंसुद्धा नाही. झाकण लावलं, डबा एका बाजूला सरकवला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून, निशिगंधाच्या रुमाल गुंडाळलेल्या पाटल्यांकडे बघत, तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमच्या दहा जोड्या मी गाडीतच आणल्यात."