ड्वेनच्या विमानाचा फिल्टर

अलास्कातल्या आमच्या धावपट्टीवरची मेकॅनिक मर्ना, नवऱ्याच्या चार सीटांच्या विमानात व्हॅक्यूमचा नवा फिल्टर बसवत होती. कॉकपिटमधली हवा याच फिल्टरमधून गाळून आतल्या उपकरणांत जाते. वर्षापूर्वी तिनंच बसवलेला पांढराशुभ्र फिल्टर बाहेर आला तो पार तपकिरी होऊन. तिनं तो नाकाशी धरला आणि नवऱ्याला हाक मारली.

"ड्वेन, तीन वर्षं झाली ना रे तुला सिगारेट सोडून?"

"झाली की!"

"विमान तर तू एकटाच उडवतोस. मग हा तंबाखूचा वास काय माझ्या माहेरून आला?"

ड्वेननं टोपी काढून बराच वेळ डोकं खाजवलं.



"देवाशप्पथ सांगतो मर्ना, जमिनीवर एकदाही ओढलेली नाही."