‘त्रामोंताना’चा शेवटचा टॉर्पेडो

ओढबोटीचा दोर ताणला आणि ‘त्रामोंताना’ने इटलीतल्या ला स्पेत्सिया बंदराचा धक्का सोडला. क्रीटची मोहीम केलेली, महायुद्धात सुरुंग पेरलेली आणि शेवटी शेवटी तर नुसतं पिण्याचं पाणी वाहून नेणारी ही युद्धनौका आज भंगारवाल्याकडे निघाली होती. तिच्यावर टॉर्पेडो सोडण्यात उभा जन्म घालवलेला आमिल्कारे कठड्याला टेकून उभा होता.

“काका, तोंड कशाला पाडलंय?” तरुण लेफ्टनंट फेरांती म्हणाला. “शत्रूची एक तरी बोट बुडवली का हिनं?”

“नाही साहेब. आमचा दीनो तेवढा बुडवला.”

सरावाच्या टॉर्पेडोत स्फोटाची दारू नसते. तो धावून दमला की वर तरंगतो, मग होडीवाला त्याच्या नाकात दोर अडकवून त्याला ओढून आणतो. आमिल्कारेचा धाकटा भाऊ दीनो कित्येक वर्षांपूर्वी असाच होडी घेऊन गेला होता. टॉर्पेडो मिळाला नाही, होडी नाही, दीनोही नाही. आई मरेपर्यंत म्हणायची, मानी आहे माझा पोरगा, रिकाम्या हातानं यायचा नाही.

बंदराचा बांध ओलांडला तसा बोटीच्या पुढच्या टोकावरचा खलाशी ओरडला. लख्ख उन्हात, बोटीला अगदी लागून, एक टॉर्पेडो चालला होता. पितळ नवंकोरं. नाकात दोर होता, आणि तो पाण्यावर ताणलेला होता. ओढणारं मात्र कुणीच नव्हतं.

आमिल्कारे कठड्यावरून खाली वाकला. वरून हाक आल्याशिवाय होडीवाल्यानं शिडीला हात लावायचा नाही, अशी या बोटीवरची रीत होती.

“साहेब, शिडी सोडतो.”

“कुणासाठी? वेड लागलंय का तुम्हाला?”

“उद्या हिला कापतील. मग तो परत यायचा कुठं?”

अपशकुन टळावा म्हणून फेरांतीनं कठड्याचं लोखंड घट्ट धरलं.

आमिल्कारेनं दोराची शिडी खाली सोडली. “ये रे दीनो,” त्यानं वरून हाक दिली.

शिडीला ओझं आलं. खालची पायरी ओली झाली, मग तिच्या वरची.

“काका, मागं व्हा!” फेरांती कुजबुजला.

“त्याला काय भ्यायचं साहेब, एकोणीस वर्षांचं पोर ते,” आमिल्कारेनं डोक्यावरची टोपी काढून पांढरे केस नीट सारखे केले. “मला ओळखेल ना तो?”