राखून ठेवलेलं नाव

२०१९ सालची गोष्ट. सोलापुरात सात रस्त्याजवळ सिद्धेश्वरच्या घरी तिसऱ्या मुलीचं बारसं होतं. सिद्धेश्वरला बहीण नव्हती, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्याच्या आत्याचा, साकव्वाचा. ती सकाळच्या एसटीनं अक्कलकोटहून आली होती.

नाव गौरम्मानं ठरवलं होतं, तृप्ती. ती सिद्धेश्वरची आई, आणि घरात तिच्या शब्दापुढं कोणी जात नसे. सिद्धेश्वरनं मान हलवली होती. त्याची बायको पायल हिचं हे तिसरं सिझर. पुढच्या खेपेचा धोका डॉक्टरांनी तिलाही सांगितला होता आणि सासूलाही.

"नाव चांगलं हाय की," गौरम्मा नणंदेला म्हणाली. "मामंजींनी तुमच्या येळी तेच केलं. पोरींवर पोरी झाल्या, तवा तुमाला साकव्वा ठेवलं, आन् तुमच्या पाठीवर आमचे मालक आले. गुण येतो, अक्का."

नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडी घेतलं नव्हतं, तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी. चन्नप्पा हे त्याचं नाव नातवासाठी राखून ठेवलं होतं, पायलच्या पहिल्या बाळंतपणापासून.

सिद्धेश्वरची थोरली, आठ वर्षांची आरोही, पाळण्याला झेंडूची माळ बांधत होती. साकव्वा म्हणजे काय, तिनं मध्येच विचारलं.

"साकू म्हंजी कन्नडात पुरे," साकव्वा म्हणाली.

"म्हणजे इनफ." तो शब्द आरोहीला शाळेत नुकताच झाला होता. पोट भरलं की म्हणायचा, असं पुस्तकात होतं. वर्गात गलका झाला की बाईही तोच म्हणायच्या, पण टेबलावर पट्टी आपटून.

"माझं ते पट्टीवालं," साकव्वा म्हणाली.

आरोही हसली. मग तिनं विचारलं, तृप्ती म्हणजेही तेच का. पायलनं कुशीतल्या बाळाला जरा जवळ ओढलं.

दुपारी शेजारच्या बायका जमल्या. बाळाला पाळण्यात घातलं. साकव्वा वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटली, आणि सरळ होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चन्नव्वा."

नाव सांगितलं की बायका हसत आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. वर गेलेले हात वरच राहिले. एकट्या गौरम्माचा हात खाली आला, आणि तो धपाटा हसण्यातला नव्हता.

"ते नाव कुणाचं हाय, ठावं हाय न्हवं तुमाला?"

"माझ्या भावाचं," साकव्वा म्हणाली. "देऊन टाकलं. आता कुणाची वाट बघायची न्हाय."

ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. त्या घरून तिला पुन्हा बोलावणं आलं नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती अक्कलकोटलाच वारली. पायलला चौथं मूल झालं नाही. सिद्धेश्वरनं स्वतःचंच ऑपरेशन करून घेतलं आणि आईला ते कित्येक महिने कळू दिलं नाही. आरोही आता नववीत आहे.

गौरम्मानं धाकट्या नातीला नावानं हाक कधीच मारली नाही. नवऱ्याचं नाव ती घेणार कशी? पहिली दोन वर्षं "ए पोरी" यावर भागलं. आता ताट वाढलं की ती दारात येते आणि गल्लीत हाक देते, "मालक, जेवायला या."

चन्नव्वा धुळीचे पाय घेऊन येते, मांडी घालून बसते, आणि दुसऱ्या भाकरीला ताटावर हात आडवा धरून म्हणते, "इनफ."

गौरम्मा तिचा हात बाजूला करते आणि वाढते.