बंबखान्यातलं घर

"बंब काढा! आधी बंब काढा!"

आप्पाराव जेवून हात धुवत होते. दार उघडलं तर समोर चंद्रभागाबाई. मुडबी रस्त्याच्या वस्तीवरनं भर उन्हात धावत आलेली, छातीचा भाता झालेला, डोक्यावर पदर नाही.

"अण्णा, गोठा पेटलाय! म्हस आत बांधलीय. परवाच व्यालीय वो!"

"अक्का, बंब कुठला आता? घर हाय हे माझं."

ती बघतच राहिली. आगीचा बंब उभा राहायचा तिथं पलंग होता, भिंतीला ज्वारीची पोती. म्हातारीला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच? वास्तुशांतीला ती इथंच पंगतीत जेवून गेली होती. पण या गावात आग लागली की बंबखान्याकडं पळायचं, हे निजामाच्या काळापासनं अंगात मुरलेलं. बंब बिदरला गेला, इमारत लिलावात निघाली, आप्पारावांनी हौसेनं घेतली. पायांना ते कोण सांगणार? वाटेत विहीर लागली, पारावरची माणसं लागली. ही कुणाशी बोलली नाही. थेट इथं!

"वस्तीवर कोण हाय?"

"कोण न्हाई वो. पोरगा ज्ञानोबा बाजारला गेलाय."

आप्पारावांनी गड्याला सायकलवर पिटाळलं, पारावरची माणसं घेऊन जा म्हणाले. त्यांची बायको शकुबाई पोस्टात फोन करायला धावल्या. बिदरहून बंब कधी येणार, देव जाणे. चंद्रभागाबाई उंबऱ्यातच बसली.

"वर जावा वो. बघा तरी."

बंबाचा शिपाई उभा राहायचा त्या मनोऱ्यावर आप्पाराव धापा टाकत चढले. वरनं सगळं स्वच्छ दिसत होतं. तेच वाईट. कडब्याची गंजी गेली होती, जाळ गोठ्यावर आला होता, आणि गडी माणसं घेऊन अजून ओढ्याच्या अलीकडंच होता. त्यांच्या डोळ्यांदेखत छप्पर आत कोसळलं. मग जाळ बसत गेला. जळायला काही उरलंच नव्हतं. आग लागो असल्या घराला, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी जीभ चावली.

खालून हाक आली.

"अण्णा, बोला की वो! लई जळायलंय का अजून?"



"कमी झालंय, अक्का."

"इझली व्हय?"

चंद्रभागाबाईनं दोन्ही हात जोडले आणि बंबखान्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं.